आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली?

‘ओपन फिल्टर टाकला, गाडी आता नुसती गर्जते, पिकअप पण वाढला!’ हे वाक्य गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं ऐकू येतं. ओपन फिल्टर म्हणजे डब्याशिवाय, उघडा बसवलेला एअर फिल्टर. गर्जना खरी, पिकअपचं बहुतेकदा कानांनी ठरवलेलं असतं.

इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडले-मिटले की आत ओढल्या जाणाऱ्या हवेत दाबाच्या लाटा उठतात. कंपनीचा एअर फिल्टरचा डबा आणि त्याला जोडलेली रिकामी दिसणारी प्लॅस्टिकची पेटी त्या लाटा गिळतात. डबा काढला की तोच आवाज मोकळा सुटतो, इतकंच. उलट, उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो. हवा १० अंशांनी तापली की तिची घनता साधारण ३ टक्क्यांनी घटते. म्हणजे पैसे देऊन ऑक्सिजन कमी!

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो. टर्बो डिझेलमध्ये, म्हणजे टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो अशा गाडीत, ॲक्सिलरेटर दाबल्यावर ‘श्शूऽऽ’ असा आवाज अचानक यायला लागला, की मालक खूश: टर्बो बोलतोय! पण सोबत ओढ कमी आणि मागे काळा धूर असेल, तर इंटरकूलरचा (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाचा) पाइप फाटलाय का ते आधी बघा. क्लॅम्पजवळ तेलकट ओल दिसली की संशय पक्का धरा. पेट्रोल गाडीत थ्रॉटलनंतर (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या पुढे) गळती असेल तर आयडलिंगला बारीक फुसफुस येते, आरपीएमचा काटा वरखाली नाचतो. ही दुरुस्ती अनेकदा एका रबरी नळीवर भागते.