पार्श्वभूमी : मित्रांच्या गटातलं 'साभार'

मित्रांना काहीतरी गंमतशीर, नवं, आपल्याला वेड लावणारं सांगायचं ही सवय फोनच्या कितीतरी आधीची. पार, ओटा, कॉलेजच्या गेटासमोरची टपरी, दादरला शिवाजी पार्कचा सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर लांबीचा कट्टा, अशा तिच्या जागा होत्या. कट्ट्यावर एक सोय होती : सांगणारा समोर बसलेला असायचा. "कुणी सांगितलं रे तुला?" हा प्रश्न पुढच्याच श्वासाला यायचा आणि उत्तर देता आलं नाही, तर आठवडाभर टिंगल व्हायची. पुढे कात्रणवह्या आल्या, दिवाळी अंकांतली पानपूरकं आली. ही पानपूरकं लेखाखाली उरलेली जागा भरायला टाकलेली असली, तरी ती छापणाऱ्या अंकाचं नाव वर असायचं.

खरी उलथापालथ मोबाइलवर झाली, तीही सुरुवातीला मराठीला न परवडणारी. इंग्रजी अक्षरांत एका एसेमेसला १६० खुणा मिळत. देवनागरीत फक्त ७०, कारण प्रत्येक काना, मात्रा आणि पायमोड वेगळी मोजली जाते. 'ज्ञानेश्वर' या एका नावालाच १० लागतात. म्हणून 'aaj kay navin' असं मराठी रूढ झालं. २०११ च्या सप्टेंबरात जाहिरातींना आळा म्हणून एका सिमवरून दिवसाला १०० एसेमेसची मर्यादा आली, ती काही आठवड्यांत २०० झाली. ईमेलवर लांबीची अडचण नव्हती. तिथल्या आलेलं-पुढे-लोटलं प्रकाराला मराठीनं 'ढकलपत्र' हा अचूक शब्द दिला. राष्ट्रगीताला युनेस्कोनं जगात सर्वोत्तम ठरवल्याचं ढकलपत्र त्याच काळातलं. २००८ मध्ये त्याचं जाहीर खंडन झालं, तरी पंधरा ऑगस्ट जवळ आला की ते आजही हजर.

व्हॉट्सअ‍ॅपचे गट २०११ मध्ये सुरू झाले. २०१६ मध्ये एका गटात २५६ जण मावू लागले. शाळेची तुकडी, सोसायटी, ट्रेकचे सोबती सगळे एकाच ठिकाणी आले. ज्यांना पक्षी, नाणी, शिलालेख, जुनी रेल्वे वेळापत्रकं यांत रस होता, ते सुप्रभातच्या फुलांना वैतागून दहा-पंधरा जणांचे वेगळे गट काढू लागले. या छोट्या गटांत सगळ्यात जास्त भांडणं कशावरून झाली असतील, तर 'साभार' या शब्दावरून.

शब्द नियतकालिकांतून आला. तिथे त्याचे तीन ठरलेले उपयोग होते. 'अमुक अंकातून साभार' म्हणजे मजकूर दुसऱ्याचा आहे, आणि कोणाचा तेही सांगितलेलं. 'साभार पोच' म्हणजे पुस्तक मिळालं, परीक्षण होईलच असं नाही. आणि 'साभार परत' म्हणजे लेखन नाकारलं, हा अर्थ हौशी लेखकांना चांगलाच ठाऊक होता. तिन्हींत आभार कोणाचे ते स्पष्ट असे. फोनवर आल्यावर शब्द उरला आणि नाव गळालं. मजकुराखाली नुसतं 'साभार', किंवा 'व्हॉट्सअ‍ॅपवरून साभार'. हे म्हणजे 'पोस्टमनकडून साभार' म्हणण्यासारखं. मग 'मूळ लेखक अज्ञात, लेखकाला सलाम' आलं. त्यावर काहींचं म्हणणं असं की निदान आपलं नाही एवढी कबुली तर आहे. हा बचाव तोकडा आहे. नावाबरोबर गळते ती तारीख, आणि माहितीच्या बाबतीत तारीख लेखकापेक्षाही महत्त्वाची असते.

लोणारचं उदाहरण घ्या. सरोवराचं वय साधारण ५२ हजार वर्षं हा आकडा कोणे एके काळी बरोबर मानला जायचा. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरगॉन-मापनात (खडकातल्या आरगॉन वायूवरून वय काढण्याच्या पद्धतीत) ते सुमारे ५ लाख ७० हजार निघालं, म्हणजे दहापटीहून जास्त. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं. पातळी खाली गेली, खारटपणा वाढला आणि खारात जगणारे गुलाबी रंगद्रव्याचे सूक्ष्मजीव माजले. त्या आठवड्यात लोणारवरचे मजकूर गटागटांत आले आणि रंगाच्या ताज्या बातमीला जोडून ५२ हजारांचा जुना आकडाही पुन्हा फिरला. खाली फक्त 'साभार'. वाचणाऱ्याला तो आकडा कोणत्या सालचा हे कळायला वाव नव्हता.

याच्या दोन वर्षं आधीच, एक मजकूर किती ठिकाणी पुढे पाठवता येईल याचा व्हॉट्सअ‍ॅपवर बंदोबस्त सुरू झाला होता. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं भटक्या समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात 'फॉरवर्डेड' ही खूण आली. भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं ठरलं. बाहेर मर्यादा वीस होती. जानेवारी २०१९ पासून सगळीकडे पाच. एप्रिल २०२० पासून दुहेरी बाणाचा, म्हणजे पाच किंवा जास्त हातांतून आलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी. पाच गट गुणिले २५६ केले, तर एका दाबात १२८० जण होतातच, हा हिशेब तेव्हाही कोणी ना कोणी मांडत होतं. शिवाय मजकूर दाबून धरून 'कॉपी' केला आणि नव्यानं चिकटवला की खूण जाते, मोजणीही शून्यापासून सुरू होते. मोजणी मजकुराच्या पाठीवर असते, शब्दांवर नाही. लेखकाचं नाव कापणाऱ्याला चिकटवणं तसंही करावंच लागतं, त्यामुळे नेमका तोच या नियमातून सुटला.

छोट्या गटांनी मग आपले नियम केले. चौदा जण, रोज एकाची पाळी, म्हणजे पंधरवड्याला एकदा. दीडशे-दोनशे शब्द, स्वतः टाइप केलेले. शेवटची ओळ 'कुठून कळलं' : पुस्तक असेल तर पान, फलक असेल तर गाव, माणूस असेल तर नातं, आणि साल. ही ओळ तळाशी ठेवली की लांब मजकुरात 'अधिक वाचा'च्या मागे दडते, म्हणून काही गटांनी ती पहिल्या ओळीत नेली. जून २०१८ पासून 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील' ही कळ मिळाली. ती वापरणारे गट शिस्तीत चालले, पण तिथं "कुणी सांगितलं रे?" विचारायची सोयच उरली नाही. कट्ट्याच्या दृष्टीनं हा तोटा मोठा.

फोटोंचं दुखणं वेगळं. नेहमीच्या वाटेनं पाठवला की फोटो आकसतो. पक्ष्याच्या पंखावरची रेघ किंवा शिलालेखातला अर्धा पुसलेला अनुस्वार त्यात जातो आणि वाचन चुकतं. म्हणून शिलालेखवाले फोटो 'दस्तऐवज' म्हणून पाठवतात. मूळ फाइल जशीच्या तशी पोचते, फक्त काही फोनवर उघडल्याशिवाय दिसत नाही. २०२३ च्या ऑगस्टपासून 'एचडी' पर्याय आला, पण तो दर वेळी हातानं निवडावा लागे आणि घाईत विसरला जाई. अक्षरं वाचायची असतील, तर अजूनही दस्तऐवज बरा, सोबत आकार कळावा म्हणून शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला एक फोटो.