विद्यार्थी-आरोग्य (कोकण किनारपट्टी)

विद्यार्थी-आरोग्य : शिकत्या वयातल्या, साधारण 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींचे शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य. आजार नसणे म्हणजे आरोग्य, ही समजूत जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेने 1948 सालीच बाजूला ठेवली. शरीर बरे, मन बरे आणि चार माणसांत वावरणेही बरे, अशी तिथली व्याख्या आहे. मालवणी मुलखातल्या आजीला विचारले तर ती म्हणेल, "पोरगो जेवता, शाळेत जाता, ताप नाय, म्हणजे बरो." या दोन व्याख्यांमध्ये जे राहून जाते त्याचीच ही नोंद आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतची किनारपट्टी कोकणात मोडत असली तरी येथील उदाहरणे मुख्यतः रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतली आहेत. मुंबईच्या कुशीतल्या ठाण्याचे प्रश्न वेगळे.

एसटीची वेळ आणि झोप

कोकणातले गाव एका जागी नसते. वरची वाडी, खालची वाडी, मधली वाडी, आणि त्यांना जोडणाऱ्या पाखाड्या (दगडी पायऱ्यांच्या चढणी) व साकव (ओढ्यावरचे लहान पूल). प्राथमिक शाळा हाकेच्या अंतरावर असते, पण हायस्कूल मोठ्या गावात आणि कॉलेज तालुक्याला. त्यामुळे विद्यार्थ्याचा दिवस शाळेच्या घंटेआधी एसटी ठरवते. रात्री मुक्कामाला आलेली वस्तीची गाडी सकाळी सहाला सुटत असेल, तर वरच्या वाडीतल्या मुलीला सव्वापाचला घर सोडावे लागते आणि त्यासाठी साडेचारला उठावे लागते. ही गाडी चुकली तर पुढची थेट नऊला.

13 ते 18 वर्षांच्या मुलांना रोज 8 ते 10 तास झोप लागते. शिवाय वयात येताना मेंदूतल्या मेलाटोनिन या संप्रेरकाची वेळ तासा-दोन तासांनी पुढे सरकते, त्यामुळे या वयात रात्री लवकर डोळा लागत नाही. तो हट्टीपणा नव्हे, शरीराचे घड्याळच तसे चालते. साडेदहाला अंग टाकून साडेचारला उठणाऱ्या मुलीची झोप सहा तास होते. रोजचे दोन तास कमी, आठवड्याच्या सहा दिवसांत बारा. रविवारी नऊपर्यंत लोळणाऱ्या पोराला घरात आळशी म्हणतात, पण तो बिचारा उधारी फेडत असतो आणि ती पुरती फिटतही नाही. दिवसभर वाचलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत होते. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेले पाठांतर सकाळी दगा देते, हे प्रत्येक पिढी नव्याने शिकते. उपाय साधे असले तरी सोपे नाहीत : फोन रात्री माजघरात ठेवणे, दुपारी अर्धा तास पडणे (जास्त नाही, नाहीतर रात्रीची झोप लांबते), आणि संध्याकाळी सहानंतर चहा न घेणे.

या पायपिटीची दुसरी बाजू म्हणजे व्यायाम. शाळकरी वयात रोज सरासरी 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी. पाखाडी चढणाऱ्या मुलाला त्यासाठी वेगळ्या मैदानाची गरज पडत नाही. शिक्षणासाठी पाय झिजवणे इथे जुनेच आहे. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे परीक्षा देण्यासाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत चालत गेले होते. तिथे वय लहान दिसते म्हणून त्यांना बसू दिले नाही, ही गोष्ट वेगळी. पुढे ते 104 वर्षे जगले. आता वाडीपर्यंत रस्ता गेला, रिक्षा आणि दुचाकी आल्या, आणि चालणे हळूहळू गरिबीची खूण होऊ लागले आहे.

पेज, चहा आणि रक्त

सकाळचे जुने खाणे म्हणजे पेज. उकड्या तांदळाची, सोबत खोबऱ्याची कातळी, भाजलेला सुका बांगडा किंवा लोणच्याची फोड. धान भरडण्याआधी उकडले की कोंड्यातले ब-1 जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरते, म्हणून उकडा तांदूळ पांढऱ्या तांदळापेक्षा सरस ठरतो. पण पेज निवत घालून सावकाश प्यायची असते, आणि सव्वापाचला ते कोणाला जमणार? मग स्टँडवरचा चहा आणि त्यात बुडवलेले बटर. बटर म्हणजे इथे कडक भाजलेला मैद्याचा गोळा, लोणी नव्हे. एका हातात ग्लास, दुसऱ्या हातात बटर, खांद्यावर दप्तर आणि नजर वळणावर : कोकणातल्या निम्म्या कॉलेजकुमारांची न्याहारी अशी उभ्याउभ्या होते.

चहाने पोट भरल्यासारखे वाटते, पण अन्नातले लोह शोषले जाण्यात तो आडवा येतो. वाढत्या वयात, विशेषतः पाळी सुरू झालेल्या मुलींमध्ये, लोहाची तूट लवकर पडते. मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. 15 वर्षांवरच्या मुलग्यांसाठी ही मर्यादा 13 आहे. तपासणीआधीच काही खुणा घरात दिसतात. नेहमीची पाखाडी चढताना धाप लागते, डोळ्यांच्या आतली कड फिकी पडते, तास चालू असताना डोळे मिटतात. आणखी एक खूण आयांच्या चांगली परिचयाची आहे, फक्त तिचा अर्थ लावला जात नाही : येता-जाता डब्यातले कच्चे तांदूळ तोंडात टाकणे, खडू किंवा माती खाणे. असल्या खाण्यामागे बहुधा लोहाची कमतरता असते. तिला ओरडण्यापेक्षा रक्त तपासावे.

शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी (60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड) याचसाठी असते. ती उपाशीपोटी घेतली की मळमळते, मग पुढच्या आठवड्यात मुली ती ओंजळीत लपवून खिडकीबाहेर टाकतात. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. शौचाला काळे होते, ते लोहामुळे. घाबरण्याचे कारण नाही. चहा गोळीपासून आणि जेवणापासून तासभर लांब ठेवावा. लिंबू, आवळा, कैरी, पेरू यांतले क जीवनसत्त्व लोह पोटात रुजवते, आणि भातासोबत मासा असला तर पालेभाजीतले लोहसुद्धा जास्त शोषले जाते. अनवाणी चालण्याने पायांतून शिरणारे आकडीकृमी रक्त पितात, म्हणून वर्षातून दोनदा जंताची गोळी.

खरे म्हणजे या मुलखाच्या ताटात काही कमी नाही. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, कुळथाच्या पिठीत आणि काळ्या वाटाण्याच्या उसळीत भरपूर प्रथिने, बांगडा-तारलीत ओमेगा-3 मेदाम्ले आणि ड जीवनसत्त्व. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते, तेव्हा चढणीचे मासे, कुर्ल्या आणि मडक्यातली सुकट कामाला येते. टाकळा, कुर्डू, फोडशी पहिल्या पावसाबरोबर उगवतात. गोकुळाष्टमीला आंबोळ्यांबरोबर शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची, भाजी करण्याची मालवणी रीत आहे. एरवी तेच झाड परसात उभे असते आणि वर्षभर त्याच्याकडे कोणी बघत नाही. डब्यात नाचणीची भाकरी दिली तर पोरे लाजतात, नूडल्स दिल्या तर मिरवतात. नाचणी शहरातल्या दुकानात बिस्किटे होऊन महागात विकली जाऊ लागली, तेव्हा कुठे गावात तिला थोडा मान आला.

पाऊस, काजू, विंचू-सर्प

कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक शाळा सुरू झाल्यावर चार महिन्यांत. ओला गणवेश अंगावरच वाळतो. मग जांघेत नायटा, बोटांमध्ये चिखल्या. मेडिकलवाल्याने दिलेल्या स्टिरॉइडमिश्रित मलमाने नायटा आठवड्यात दबतो आणि महिन्याने दुप्पट पसरतो. ते मलम घेऊ नये.

लावणीला मुलेही शेतात उतरतात. उंदीर-घुशींच्या मुतातून खाचरात आलेले लेप्टोस्पायरा जंतू पायाच्या भेगांतून शिरतात. जोराचा ताप, पोटऱ्या धरून येणे आणि डोळे लाल होणे ही लक्षणे एकत्र दिसली की 'पावसाचा ताप' म्हणून काढा पीत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लेप्टो सुरुवातीला ओळखला तर साध्या प्रतिजैविकाने बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंडे आणि यकृत धरतो. उन्हाळ्यातला धोका वेगळा. दोडामार्ग तालुक्यात 2016 पासून माकडताप, म्हणजे रानातल्या गोचिडी चावून होणारा ताप, आढळतो. जानेवारी ते मे हा त्याचा काळ आणि सुट्टीत काजू गोळा करायला रानात जाण्याचाही तोच. मेलेल्या माकडाच्या आसपास फिरकू नये, रानातून आल्यावर गोचीड बघून गरम पाण्याने आंघोळ करावी.

पहाटे अंधारात चालणाऱ्याच्या हातात बॅटरी हवी, कारण फुरसे कातळावर आणि पालापाचोळ्यात दिसत नाही. लाल विंचवाचा दंश लहान मुलांना जिवावर बेतत असे. महाडला वैद्यकी करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. मांत्रिकाकडे घालवलेला तास मात्र अजूनही महाग पडतो.

पाळी

'कावळा शिवला' म्हणून बाजूला बसवणे कमी झाले, पण एप्रिल-मेत विहिरी तळाला गेल्या की शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी नसते. मुली मग सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवीच्या जळजळीचे, डोकेदुखीचे मूळ पुष्कळदा तिथे असते.

निकाल आणि मन

कोकण विभागीय मंडळ 2012 च्या परीक्षांपासून स्वतंत्रपणे निकाल लावते, आणि दहावी-बारावीच्या निकालात हा विभाग सातत्याने राज्यात पहिला येतो. याचा अभिमान रास्त आहे. पण ज्या वर्गात सगळेच पास होतात, तिथे नापास झालेला एकटा पडतो. इतर ठिकाणी त्याच्यासोबत रडायला चार जण तरी असतात. इथे पेढ्यांचे पुडे वाडीभर फिरतात आणि एका घराचे दार पुढे केलेले असते. पुरवणी परीक्षा लगेच असते, वर्ष वाया जात नाही, हे त्या दिवशी कोणीतरी शांतपणे सांगावे लागते. शेजारचे काका सांगत नाहीत, ते टक्के विचारतात.

10 ते 19 वयोगटातल्या दर सात जणांपैकी एकाला मानसिक विकार असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा जगभराचा अंदाज आहे. म्हणजे चाळीसच्या वर्गात पाच-सहा. शिक्षकांना मात्र तेवढे दिसत नाहीत, कारण उदासी इथे त्या नावाने येत नाही. ती दर सोमवारी पोटात दुखण्याच्या रूपाने येते. नाहीतर 'मन लागना नाय' असे एकच वाक्य बोलून थांबते. नाहीतर 'तो आपलो गप गप ऱ्हवता' म्हणून शहाण्या मुलाच्या खात्यावर जमा होते. कोकणी घरात गप्प मूल गुणी समजतात, आणि इथेच चूक होते. दोन आठवड्यांहून अधिक काळ आवडत्या गोष्टीतला रस गेला, झोप किंवा भूक बदलली, स्वतःला कमी लेखणे सुरू झाले, तर तो स्वभाव नव्हे, आजार असू शकतो. त्यावर समुपदेशन आणि औषध दोन्ही आहेत.

परीक्षेआधी पोटात गोळा येणे हे मात्र सगळ्यांचे. थोडी भीती कामाचीच, ती पुस्तक उघडायला लावते. हात थरथरू लागले तर श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावावा : चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच-सहा मिनिटे. भजनात ओढून म्हटलेली ओळ वेगळे काय करते? एकादशीला भजनात बसणारी, शिमग्यात पालखीखाली नाचणारी, क्रिकेटच्या टीममध्ये बाराव्या क्रमांकावर असलेली पोरेसुद्धा कोणाच्या तरी मोजणीत असतात. मानसिक स्वास्थ्याच्या दृष्टीने ही मोजणी मोठी गोष्ट आहे.

मूल बिघडले की अनेक घरांत आधी देवळात कौल लावतात. त्यावर नाक मुरडून उपयोग नाही. गाऱ्हाणे घालणे म्हणजे घरातली अडचण चारचौघांत मोठ्याने सांगणे, आणि तेवढ्यानेही घरच्यांचा भार हलका होतो. अडचण अशी की ते वडीलधाऱ्यांनी मुलाच्या वतीने घातलेले असते. मुलाला स्वतः काय म्हणायचे आहे ते त्यात येत नाही. कौल उजवा मिळो की डावा, डॉक्टरची तारीख पुढे ढकलू नये.

'मरून जावे वाटते' असे मूल म्हणाले तर ते नाटक समजू नये. थेट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. घरातले कीटकनाशक आणि गोळ्या कुलपात ठेवाव्यात आणि त्याला एकटे सोडू नये. पोलिसांच्या भीतीने पुष्कळ घरे असे प्रसंग झाकतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच धरले जाते आणि तिला उपचार देणे ही शासनाची जबाबदारी ठरते. टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा (14416) ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. ती चोवीस तास असते, मराठीत बोलता येते. 18 वर्षांखालच्या मुलांसाठी 1098 आहे.

मुंबईची खोली

चाकरमानी बाप मुंबईत आणि मूल आजी-आजोबांकडे, ही कोकणातली जुनी रचना. बारावीनंतर मूलही निघते. गावाच्या मंडळाच्या खोलीत किंवा काकांच्या घरात दहा बाय बाराच्या जागेत पाच जण, अभ्यास जिन्याखाली, जेवण वडापाव. पहिल्या जूनमध्ये पाऊस पडायला लागला की गावाची आठवण पोटात कालवते. घरी फोन केला तर आई विचारते, "जेवलंस?" तो म्हणतो, "होय." संभाषण संपते. बहुतेक जण गणपतीपर्यंत तग धरतात आणि गावी जाऊन आल्यावर सावरतात. जो परतायला नकोच म्हणतो, किंवा सुट्टी संपल्यावर अंथरुणातून उठत नाही, त्याच्याकडे लक्ष द्यावे.

सेवा

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 7 जानेवारी 2014 रोजी सुरू झाला. त्याअंतर्गत रुग्णालयांतून किशोरवयीनांसाठी समुपदेशनाची सोय असते. शाळेत येणारे बालस्वास्थ्य पथक 18 वर्षांपर्यंत दात, डोळे, रक्त आणि वाढ तपासते. राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे. पण 'रत्नागिरीला नेला' या शब्दांना गावोगाव असा अर्थ चिकटला आहे की साध्या चिंतेसाठी तिथल्या बाह्यरुग्ण विभागात कोणी पाऊल टाकत नाही. तालुक्याच्या रुग्णालयातला समुपदेशक जवळचा खरा. तो भेटतो शाळेच्या वेळात, आणि शाळा सुटल्यावर तिथे जाऊन आले तर वरच्या वाडीची शेवटची गाडी गेलेली असते.