काचेतला ताण आणि प्रयोगशाळेची कार्यशाळा

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत वर्षभरात मोडलेले काचसामान नीट पाहिले, तर त्यातले बरेचसे पूर्णपणे फुटलेले नसते असे आढळते. रबरी नळी ओढून बसवताना किंवा काढताना कंडेन्सरची, म्हणजे वाफ थंड करून तिचा द्रव करणाऱ्या उपकरणाची, पाण्याची तोटी मोडते, ब्युरेटचे टोक तुटते, चंबूच्या काठाचा टवका उडतो. बाकीचे उपकरण धडधाकट राहते. ते मोडीत काढून नवे मागवणे कागदोपत्री सोपे असते, पण शास्त्रीय दृष्टीने तो तोट्याचा व्यवहार आहे असे माझे ठाम मत आहे. ताळगावच्या पठारावरील गोवा विद्यापीठ, दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वेर्ण्याचे औषध कारखाने अशा किती तरी ठिकाणी रोजचे काम काचेवर चालते. म्हणून ही काच घडवणाऱ्या आणि सांधणाऱ्या कारागिराच्या, म्हणजे ग्लास ब्लोअरच्या कामामागचे विज्ञान समजून घेण्यासारखे आहे.

या कामात मुख्य अडचण काच वितळवण्याची नसते, तर ती थंड होताना तिच्यात उरणाऱ्या ताणाची असते. तापल्यावर काच प्रसरण पावते आणि ती उष्णतेची दुर्वाहक असल्यामुळे तिचे सगळे भाग एकाच वेळी तापत किंवा निवत नाहीत; त्या ओढाताणीतून आत ताण उरतो. एक मीटर लांबीची साध्या सोडा काचेची कांडी 100 अंश सेल्सिअसने तापवली, तर ती सुमारे 0.9 मिलिमीटरने वाढते. बोरोसिलिकेट काचेची तेवढीच कांडी साधारण 0.33 मिलिमीटरने आणि शुद्ध क्वार्ट्झ काचेची तर जेमतेम 0.055 मिलिमीटरने वाढते. प्रयोगशाळेचे बहुतेक सामान बोरोसिलिकेटचे असते ते याच कारणाने. या काचेत सुमारे 80 टक्के सिलिका आणि 13 टक्के बोरिक ऑक्साइड असते. जर्मनीतील येना येथे ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती विकसित केली आणि 1915 पासून अमेरिकेत ती पायरेक्स या नावाने विकली जाऊ लागली.

प्रसरणातल्या या फरकामुळेच सोडा काच आणि बोरोसिलिकेट काच एकमेकींना जोडता येत नाहीत. ज्योतीत त्या एकजीव झाल्यासारख्या दिसतात, परंतु निवताना एक जास्त आकसते, दुसरी कमी, आणि सांध्यावर तडा जातो. म्हणून छाप नसलेला जुना तुकडा दुरुस्तीला आला, की तो कोणत्या काचेचा आहे हे आधी ठरवावे लागते. त्याची एक सुंदर चाचणी आहे. बोरोसिलिकेटचा आणि ग्लिसरीनचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा, जवळजवळ सारखा, 1.47 च्या आसपास असतो. त्यामुळे या काचेचा तुकडा ग्लिसरीनमध्ये बुडवला की तो दिसेनासा होतो. सोडा काचेचा अपवर्तनांक सुमारे 1.52 असल्याने तिच्या कडा मात्र दिसत राहतात. शाळेतल्या मुलांनाही हा प्रयोग सहज दाखवता येईल.

आता मोडलेल्या तोटीच्या कंडेन्सरकडे वळू. काजूच्या हंगामात फेणीच्या भट्टीवर, भाणातली, म्हणजे रस उकळण्याच्या भांड्यातली, वाफ ज्या मडक्यात उतरते त्याच्यावर बाहेरून थंड पाणी ओतत राहतात. लीबिग कंडेन्सरमध्येही तेच घडते, फक्त इथे पाणी आतल्या नळीभोवतीच्या काचेच्या आवरणातून वाहत असते. आतली नळी दोन्ही टोकांना या आवरणाशी कड्यासारख्या सांध्याने जोडलेली असते, आणि दुरुस्तीचा खरा धोका तिथे असतो. तोटी नेमकी या सांध्याजवळ असल्यामुळे केवळ मोडलेली जागा तापवली, तर शेजारचा सांधा तडकतो. म्हणून कारागीर आधी मऊ, पसरट ज्योतीने ते सगळे टोक फिरवत फिरवत सावकाश तापवतो. त्याहीआधी आवरणात साचलेला पाण्याचा क्षार सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने काढून, आतला भाग धुऊन पूर्ण वाळवावा लागतो, कारण राहिलेल्या पाण्याची आत वाफ होते.

मग बाकीची तोंडे बुचांनी बंद करून एका तोंडाला बारीक रबरी नळी लावली जाते आणि तिचे दुसरे टोक कारागीर ओठांत धरतो. एलपीजी आणि ऑक्सिजनच्या टोकदार ज्योतीने मोडकी कड वितळवून काढून टाकली जाते, तिथली काच मऊ झाल्यावर हलकी फुंकर घालून लहानसा फुगा काढला जातो आणि तो फोडून नव्या नळीच्या मापाचे भोक तयार होते. भोकाची आणि नळीची कड एकाच वेळी लालसर पिवळी झाली की त्या एकमेकींवर टेकवायच्या आणि लगेच किंचित ओढायच्या. सांधा लागला तरी काम संपत नाही: तिथे काच जाड राहिली तर ताण जाड भागात साठतो, म्हणून भिंत सर्वत्र सारख्या जाडीची होईपर्यंत थोडे तापवणे आणि थोडे फुंकणे चालू राहते. या सर्व वेळात काचेतल्या सोडियममुळे ज्योत 589 नॅनोमीटरच्या झगझगीत पिवळ्या प्रकाशाने भरून जाते. निओडिमियम आणि प्रॅसिओडिमियम असलेल्या चष्म्यातून नेमका तोच पिवळा प्रकाश गाळला जातो, आणि कारागिराला ज्योतीआडची काच दिसते.

यानंतर ॲनीलिंग, म्हणजे काच ठरावीक तापमानाला ठेवून मग सावकाश निववणे. बोरोसिलिकेट काच साधारण 560 अंशांवर ठेवली तर तिच्यातला ताण काही मिनिटांत विरतो. 510 अंशांच्या आसपास त्याच कामाला काही तास लागतात, आणि त्याखाली ताण जणू गोठूनच राहतो. म्हणून भट्टीचे तापमान या पट्ट्यातून अतिशय सावकाश उतरवतात. ताण गेला की नाही हे ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशात तपासता येते. एकमेकांना आडव्या ठेवलेल्या दोन ध्रुवण पट्ट्यांमध्ये ताणरहित काच काळोखी दिसते, आणि ताण उरला असेल तिथे उजळ डाग चमकतात. दुरुस्त केलेले सामान या तपासणीशिवाय प्रयोगशाळेत परत जाऊ नये.

गोव्याच्या दमट हवेत या गोष्टीला अधिक महत्त्व आहे. ताणाखाली असलेल्या बारीक तड्याच्या टोकाशी पाण्याचे रेणू सिलिकॉन आणि ऑक्सिजनमधले बंध तोडायला मदत करतात, त्यामुळे तडा दिवसेंदिवस हळूहळू पुढे सरकू शकतो. काचेची नळी कापताना ओरखडा ओला केल्यास ती सहज तुटते, तिथेही हीच क्रिया मदत करते. गोल चंबूवर स्टँडचा दांडा आदळून उमटलेला ताऱ्यासारखा तडा म्हणूनच क्षुल्लक समजू नये. निर्वात केलेल्या चंबूच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर बाहेरची हवा सुमारे एक किलोग्रॅम वजनाइतका दाब देते, आणि तसा चंबू आत कोसळला तर काचा चौफेर उडतात. हा तडा वितळवून मिटवता येतो, पण ॲनीलिंग होईपर्यंत त्या चंबूला निर्वात पंप लावू नये.

दुरुस्तीइतकेच, किंबहुना त्याहून मोलाचे काम म्हणजे बाजारात न मिळणारे उपकरण घडवणे. जे. जे. थॉमसन यांनी 1897 मध्ये इलेक्ट्रॉन ओळखला, त्यासाठी लागलेल्या निर्वात नळ्या केंब्रिजमध्ये एबेनेझर एव्हरेट या त्यांच्या सहायकाने फुंकल्या होत्या. आपल्या किनाऱ्यावरचे उदाहरणही घेता येईल. पावसाळ्याच्या अखेरीस गोव्याजवळच्या उथळ समुद्रात तळालगतच्या पाण्यातला प्राणवायू फार कमी होतो. तो मोजण्याची विंकलर पद्धत 1888 सालची असून तिच्यात घासून बसवलेल्या काचेच्या बुचाची बाटली लागते. बाटलीचे नेमके आकारमान तिच्याच बुचासह मोजलेले असते, म्हणून दोन्हींवर एकच क्रमांक कोरतात. बाटलीचे तोंड कार्बोरंडमच्या, म्हणजे घासण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अतिशय कठीण पदार्थाच्या, पुडीने पुन्हा घासले, तर पाणी भरून आणि वजन करून ते आकारमान नव्याने काढावे लागते.

ग्लास ब्लोअरच्या कार्यशाळेत सामान पाठवणाऱ्याचीही जबाबदारी असते. आत सेंद्रिय द्रावकाचा अंश राहिला तर ज्योतीत तो पेटतो, पाऱ्याची विषारी वाफ होते आणि परक्लोरेटसारख्या पदार्थांचा स्फोट होऊ शकतो. म्हणून सामान धुऊन, वाळवून, आत काय होते ते चिठ्ठीवर स्पष्ट लिहूनच द्यावे. नव्या उपकरणासाठी मापांसह आराखडा काढावा, सांधे कोणत्या मापाचे, किती तापमान आणि निर्वात लागणार हेही नमूद करावे. तुटलेले तुकडे टाकून देऊ नयेत. मूळ लांबी आणि नळीचा व्यास बहुधा त्यांवरूनच मोजता येतो.