कंपनीचा फोन आणि आपले पासवर्ड

कंपनीनं दिलेल्या फोनवर स्वतःचा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका तिजोरीत ठेवून एकाच मास्टर पासवर्डानं उघडणारं ॲप, टाकायचा म्हटलं की पहिली शंका ठरलेली: आयटीवाल्यांना माझे सगळे पासवर्ड दिसतील का? बंद तिजोरीपुरतं उत्तर सोपं आहे, नाही दिसणार. खरा घोळ ती उघडताना होतो, आणि फोन हातातून जाताना.

तिजोरी बंद असताना आत असतो तो नुसता कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा मजकूर, बहुधा एईएस-२५६ या कूटबद्ध करण्याच्या पद्धतीनं बांधलेला. त्याची किल्ली मास्टर पासवर्डापासून तयार होते, तीही मुद्दाम रेंगाळत. पासवर्डापासून किल्ली बनवायला पीबीकेडीएफ२ ही पद्धत वापरली तर एकच गणिती क्रिया ६ लाख वेळा करावी, अशी ओवॅस्प या सुरक्षाक्षेत्रातल्या संस्थेची शिफारस आहे. आपल्याला तो क्षणभराचा उशीर जाणवतही नाही. पण कोट्यवधी अंदाज लावत बसणाऱ्याचा मात्र जीव मेटाकुटीला येतो. मास्टर पासवर्डच फुसका असेल तर हा सगळा खटाटोप वाया, हे वेगळं सांगायला नको.

आता कंपनीची बाजू. फोनवर एमडीएम म्हणजे दुरून नियंत्रण करणारी यंत्रणा असते. तिच्यातून ॲप टाकता-काढता येतात, आपोआप पासवर्ड भरण्याची सोय बंद करता येते, अख्खा फोन पुसता येतो. आयफोनचा पासकोडही काढून टाकता येतो. पण दुसऱ्या ॲपच्या पोटातला डेटा वाचायची मुभा ॲपल एमडीएमला देत नाही.

पासकोडचं प्रकरण जरा जवळून पाहण्यासारखं आहे. बोटाच्या ठशानं तिजोरी उघडते तेव्हा किल्ली फोनच्या सुरक्षित कप्प्यात ठेवलेली असते. फोनचा पासकोडच काढून टाकला किंवा नवं बोट नोंदवलं की ती किल्ली बाद व्हावी, अशी सोय ॲपल आणि अँड्रॉइड दोघांनीही दिली आहे. ॲपनं ती नीट वापरली असेल तर आयटीवाल्यांनी पासकोड उडवला तरी तिजोरी पुन्हा मास्टर पासवर्डच मागते. मात्र ‘फोनच्या पासकोडनं उघडा’ हा पर्याय कंपनीच्या फोनवर बंदच ठेवावा. तो चालू असेल तर फोनचा पासकोड जाणणाऱ्या कोणालाही तिजोरी उघडता येते.

दुसरी फट प्रमाणपत्रांची. कंपनी फोनमध्ये स्वतःचं मूळ प्रमाणपत्र (समोरचं संकेतस्थळ खरं आहे, हे फोन ज्याच्या भरवशावर मानतो ती डिजिटल खूण) बसवून इंटरनेटवरची ये-जा मधेच उघडून तपासू शकते. पासवर्ड मॅनेजरच्या ॲपला त्याचा फारसा धोका नाही, कारण मजकूर फोनवरच कूटबद्ध होऊन बाहेर पडतो. ब्राउझरमध्ये तिजोरी उघडली तर मात्र ती उघडणारा प्रोग्रामच त्या वाटेनं येतो, आणि वाटेत तो बदलताही येतो. तेव्हा ॲपच बरं.

अँड्रॉइडवर २०१४पासून ‘वर्क प्रोफाइल’, म्हणजे ऑफिसच्या ॲपसाठी फोनमध्येच वेगळा कप्पा आहे. त्यातल्या ॲपच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस दिसते. ऑफिसची बाजू आणि खासगी बाजू म्हणजे एकाच फोनवर राहणारे जणू दोन भाडेकरू, एकाचं सामान दुसऱ्याला दिसत नाही. खासगी बाजूला पासवर्ड मॅनेजर असूनही ऑफिसच्या ॲपमध्ये पासवर्ड आपोआप भरला जात नाही, ही तक्रार नेहमीची, कारण हेच. ॲप दोन्हीकडे वेगवेगळं टाकावं लागतं. फोन आपला असेल आणि त्यावर वर्क प्रोफाइल असेल, तर नोकरी सुटताना कंपनी फक्त तेवढाच भाग पुसू शकते. माझ्या मते कंपनीच्याच मालकीच्या फोनवर बँकेचे आणि घरचे पासवर्ड नकोतच. तिथे ऑफिसची तिजोरी पुरे.

कारण हेरगिरीपेक्षा मोठा धोका फोन पुसला जाण्याचा आहे. पुसताना फोन त्याच्या स्मृतीची किल्लीच नष्ट करतो, त्यामुळे काम काही क्षणांत उरकतं आणि परतीची वाट उरत नाही. तिजोरीची प्रत बहुधा सर्व्हरवर असते. पण तिथवर पोहोचायला पासवर्डाखेरीज लागणारा दुसरा कोड त्याच फोनवर येत असेल तर? म्हणून रिकव्हरी कोड, म्हणजे अशा अडचणीत खात्यात शिरायला आधीच मिळालेले कोड, कागदावर लिहून फोनपासून लांब ठेवावेत. आणि फोन परत करण्याआधी दुसऱ्या यंत्रावरून खात्यात शिरून कंपनीच्या फोनवरचा प्रवेश रद्द करावा. तोही ऑफिसचा ई-मेल बंद व्हायच्या आत, कारण पडताळणीचा संदेश बऱ्याचदा तिथेच येतो.