जुनी शिकारी रायफल : ठेवावी, वापरावी की विकावी?

घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीच्या पश्चात कपाटातून निघालेली, किंवा अनेक वर्षांपूर्वी हौसेने घेऊन पुढे विस्मरणात गेलेली शिकारी रायफल घेऊन जे ग्राहक आमच्या कार्यशाळेत येतात, त्यांचा पहिला प्रश्न बहुधा तिच्या किमतीचा असतो. आमच्या मते हा प्रश्न शेवटी विचारायचा आहे. आपल्या हाती नेमके काय आहे आणि ते कोणत्या अवस्थेत आहे, हे कळल्याशिवाय ठेवणे, वापरणे आणि विकणे यांतील कोणताच निर्णय नीट घेता येत नाही. शिवाय घाईने केलेल्या काही गोष्टी अशा असतात की त्या नंतर कोणत्याही कारागिराला दुरुस्त करता येत नाहीत.

त्याआधी दोन गोष्टी अनिवार्य आहेत. रायफल रिकामी असल्याची खात्री जाणकाराकडून करून घ्यावी. नळीखाली लांब नळकांड्यासारखे मॅगझिन असलेल्या लिव्हरच्या रायफलींत एखादे काडतूस अडकून राहिलेले असू शकते आणि वरवर पाहून ते दिसत नाही. दुसरी गोष्ट कायद्याची आहे. वारशाने आलेले शस्त्र परवान्याशिवाय नुसते घरात असणे हाही बहुतेक देशांत गुन्हा ठरतो, आणि ते तपासणीसाठी दुसरीकडे नेण्याचेही नियम असतात. म्हणून रायफल आमच्याकडे आणण्यापूर्वी आपल्या परवाना अधिकाऱ्यांशी बोलून घ्यावे.

ओळख पटेपर्यंत हात लावू नये

विकण्यापूर्वी वस्तू चकचकीत करावी, ही आपली सवय इतर ठिकाणी योग्य असेल, पण जुन्या रायफलीच्या बाबतीत तिच्याइतकी महाग पडणारी दुसरी सवय नाही. सॅंडपेपर, तारेचा घासा किंवा पॉलिशचे चाक फिरले की निर्मात्याच्या ठशांच्या कडा बोथट होतात, मूळ निळसर काळा मुलामा निघून जातो आणि अक्रोडाच्या दस्त्यावरील चौकटी नक्षी सपाट होते. संग्राहक पैसे मोजतो ते या मूळ पृष्ठभागासाठी. तेलाचा हलका हात दिलेल्या मऊ फडक्याने बाहेरून पुसण्यापलीकडे काहीही करू नये.

ओळख पटते ती मुख्यतः ठशांवरून. निर्मात्याचे नाव, अनुक्रमांक आणि काडतुसाचे नाव यांच्याबरोबर नळीवर चाचणीगृहाचे, म्हणजे नळी दाब सोसते का हे तपासणाऱ्या संस्थेचे, ठसे असतात. लंडनचे चाचणीगृह १६३७ पासून आणि बर्मिंगहॅमचे १८१३ पासून हे काम करीत आले आहे. धूररहित दारूची चाचणी झालेल्या आणि केवळ काळ्या दारूची चाचणी झालेल्या नळ्यांवरील ठसे वेगळे असतात, आणि १८८० च्या दशकाच्या मध्यात धूररहित दारू आली त्यापूर्वीच्या रायफलींसाठी हा भेद कळीचा आहे. मात्र ठसा सांगतो तो चाचणीच्या दिवसाची स्थिती. त्यानंतरच्या शंभर वर्षांत त्या नळीचे काय झाले, हे तो सांगू शकत नाही.

काडतुसाच्या नावावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ८ बाय ५७ मिलिमीटर हे जर्मन काडतूस. त्याच्या जुन्या प्रकारातील गोळीचा व्यास ०.३१८ इंच होता आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीस आलेल्या नव्या प्रकाराचा ०.३२३ इंच. हा फरक मिलिमीटरच्या जेमतेम आठव्या भागाइतका आहे आणि दोन्ही काडतुसांची कवचे जवळजवळ सारखी आहेत. त्यामुळे नवे काडतूस जुन्या रायफलीत सहज बसते, आणि चाप ओढल्यावर मोठी गोळी अरुंद नळीत ढकलली जाऊन दाब धोकादायक पातळीपर्यंत चढतो. नवा प्रकार आल्यानंतरही जर्मन कारागिरांनी जुन्या व्यासाच्या शिकारी रायफली अनेक वर्षे बनवल्या, म्हणून केवळ निर्मितीच्या वर्षावरून अंदाज बांधणे योग्य नाही. मऊ शिशाचा गोळा नळीतून ढकलून त्यावर उमटलेल्या आट्यांचे (नळीच्या आतील नागमोडी खाचांचे) माप घेणे आणि चेंबरचा, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेचा, साचा काढणे, ही दोन कामे आम्ही अशा प्रत्येक रायफलीवर करतो. ग्राहकाला ती कधी कधी अनावश्यक वाटतात. आम्हाला ती तशी वाटत नाहीत.

वापरायची असेल तर

आरशासारखी लखलखणारी नळी पाहून रायफल चांगली असल्याचा निष्कर्ष काढणे ही नेहमीची चूक आहे. अमेरिकन स्प्रिंगफील्ड १९०३ या लष्करी रायफलीपासून पुढे कितीतरी सुंदर शिकारी रायफली तयार झाल्या. परंतु स्प्रिंगफील्ड शस्त्रागारातील ८,००,००० च्या खालच्या आणि रॉक आयलंड येथील २,८५,५०७ च्या खालच्या अनुक्रमांकांचे रिसीव्हर (नळी ज्यात बसवलेली असते तो रायफलीचा मुख्य धातूचा भाग) ज्या पद्धतीने तापवून कठीण केले जात, त्यात तापमान कारागीर नजरेने ठरवीत असे. काही रिसीव्हर जास्त तापले आणि ठिसूळ झाले. कोणता रिसीव्हर ठिसूळ आहे हे बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून या अनुक्रमांकांच्या रायफलीने गोळी झाडू नये असेच आम्ही सांगतो, मग ती कितीही सुस्थितीत असो.

उलटही घडते. अंधारलेल्या, खड्डे पडलेल्या नळीची रायफल कधी कधी अजूनही नेमकी लागते. काडतुसाच्या बुडाशी दारू पेटवण्यासाठी असलेल्या जुन्या टोप्यांतील पोटॅशियम क्लोरेट जळून मागे क्षार उरतो, तो हवेतील ओलावा खेचतो आणि पोलादाला गंज चढतो. त्या काळी जो मालक शिकारीहून परतल्यावर गरम पाण्याने नळी धूत असे त्याची रायफल वाचली, आणि जो नुसते तेल लावत असे त्याची खराब झाली, कारण हा क्षार तेलात विरघळत नाही. खड्डे उथळ असतील तर ते सफाईचे काम वाढवतात, एवढेच.

आम्ही खरी काळजी घेतो ती हेडस्पेसची, म्हणजे बोल्ट (काडतुसाला मागून बंद करणारा सरकता दांडा) बंद झाल्यावर काडतुसाला मागेपुढे सरकायला जी जागा उरते तिची. ती प्रमाणाबाहेर असेल तर कवच फाटून गरम वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. दस्ता धातूला मागून जिथे मिळतो तिथे धक्क्याने पडलेली बारीक चीर, वर्षानुवर्षे मुरलेल्या तेलाने मऊ पडलेले लाकूड, थकलेल्या स्प्रिंगा आणि झिजलेला सुरक्षा खटका हेही तपासले जाते. शेवटी काडतुसे मिळतात का, हा साधा प्रश्न उरतो. ७ बाय ५७ किंवा .३०-३० यांची काडतुसे आजही बनतात; .३१८ वेस्टली रिचर्ड्ससारख्या काडतुसासाठी मात्र बरीच शोधाशोध करावी लागते.

विकायची असेल तर

माउझर ९८ ही जर्मन लष्करी रायफल कापून, दस्ता बदलून, वर दुर्बिणीसाठी भोके पाडून कोणीतरी घरगुती पद्धतीने शिकारी रायफल बनवली असेल, तर संग्राहकाच्या दृष्टीने तिचे मूल्य बहुधा फारसे नसते. अशी रायफल तपासणीत उतरली तर ती वापरावी, असे आम्ही मोकळेपणाने सुचवतो. जिच्यावर कोणीही हात फिरवलेला नाही ती रायफल वेगळी. १९६४ पूर्वीच्या विंचेस्टर मॉडेल ७० वर नंतर पाडलेली दोन भोकेही किमतीत जाणवतात. ज्या निर्मात्यांच्या नोंदवह्या टिकल्या आहेत, त्यांच्या रायफलींची मूळ नोंद मागवता येते. जुन्या विंचेस्टरच्या अनेक नोंदी अमेरिकेतील कोडी येथील संग्रहालयात आहेत. असा कागद रायफलीबरोबर असला की सौद्यातील वाद कमी होतात.

आम्ही स्वतःही जुन्या रायफली विकत घेतो, म्हणून हे स्पष्ट लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते : जो खरेदी करणार आहे त्याच्याच मूल्यांकनावर विसंबू नये. आमचा अहवाल घेऊन दुसऱ्या जाणकाराचे मत घ्यावे, आणि त्यानंतरही आम्हालाच विकावेसे वाटले तर यावे.

ठेवायची असेल तर

आठवण म्हणून जपणाऱ्यांपैकी काही जण रायफल कायमची निकामी करून भिंतीवर लावण्याचा विचार करतात. काही देशांत त्यामुळे परवान्याची अट सैल होते, पण ही प्रक्रिया उलटवता येत नाही आणि मूळ मूल्य जवळजवळ संपते; दुर्मीळ रायफलीच्या बाबतीत आम्ही हे काम हाती घेण्यापूर्वी मालकाची लेखी संमती घेतो. तशीच ठेवायची असेल तर चामड्याच्या पेटीत ठेवू नये, कारण चामडे ओलावा धरून ठेवते. कुलूपबंद कपाटात आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहील अशी व्यवस्था करावी, तेल अगदी पातळ लावावे आणि नळीचे तोंड खाली ठेवावे, म्हणजे जास्तीचे तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरत नाही.

तपासणीला येताना परवान्याबरोबर घरात सापडतील त्या जुन्या पावत्या, रायफलीसह काढलेली छायाचित्रे, काढून ठेवलेला मूळ दस्ता किंवा पट्टा हे सर्व आणावे. जुनी काडतुसे मात्र आधी विचारल्याशिवाय आणू नयेत, आणि त्यांची मूळ खोकी फेकून देऊ नयेत. कित्येकदा रायफल कोणत्या काडतुसासाठी बनली होती, याचा पहिला धागा त्या खोक्यावरच सापडतो.