हरण्या दिसला? रोप त्याच दिवशी उपटा

मृगबाग (जून-जुलैत लावलेली केळी) लागली आणि पावसाची झड बसली की जळगावच्या रावेर-यावलकडून आमच्या नर्सरीत एकच फोन सुरू होतो : "केळीवर पिवळे पट्टे आलेत, कोणतं औषध मारू?" काहींचा रोख वेगळा असतो, "रोपंच आजारी दिली." दोन्हींचे उत्तर इथे देत आहोत.

हे पट्टे म्हणजे हरण्या. हा विषाणूचा रोग आहे, कुकुंबर मोझॅक. तो रोपात शिरला की कोणत्याही औषधाने निघत नाही. आणतो मावा ही रस शोषणारी बारीक कीड, पण केळीच्या पानामागे शोधाल तर बहुतेकदा सापडणार नाही. त्याचे घर शेजारच्या काकडीवर, मिरचीवर, चवळीवर, बांधावरच्या केना तणावर. तिथे गर्दी झाली, पाला जून झाला की पंखवाला मावा निपजतो आणि उडतो. केळीवर बसून सोंड टोचून बघतो, मानवत नाही, पुढच्या रोपावर जातो. सोंडेला लागलेला विषाणू तेवढ्यात रोपात उतरतो, काही सेकंदांत. फवाऱ्याने मावा मरेलही, पण टोचून झाल्यावर.

म्हणून "दोन फवारे मारून बघू" हेच सर्वांत महागात पडते. त्यात ऊन पडले की नवे पान स्वच्छ निघते आणि औषध लागू पडले असे वाटते. गारवा आला की पट्टे परत दिसतात, क्वचित पोंगाही (मधले न उलगडलेले पान) सडतो. तोवर ते रोप बागेत उभेच असते आणि मावा त्यावरूनही विषाणू उचलू शकतो.

पहिले चार महिने दर चार-पाच दिवसांनी ओळीओळीने फिरा. कोवळे पान उजेडासमोर धरा. शिरांच्या दिशेने तुटक फिकट पट्टे आणि वेडीवाकडी कड दिसली की रोप कंदासह खणून काढा. विळ्याने वरून छाटलेत तर खालून पील (नवा फुटवा) फुटते, तेही आजारीच. बांधावर टाकू नका, पुरून टाका. बागेत काकडी, टरबूज, मिरची, चवळी घेऊ नका. कीटकनाशकाचा खरा उपयोग तणावर आहे : आधी तिथे फवारा, मग निंदणी करा. नाहीतर उपटलेल्या तणावरचा मावा सरळ केळीवर येतो.

आता रोपांविषयी. आमची रोपे विषाणू तपासलेल्या मातृरोपांपासूनची आहेत आणि कीडरोधक जाळीत वाढवलेली. बॅच क्रमांक बिलावर असतो, एकाच बॅचच्या दोन बागा स्वतः ताडून पाहा, रोग रोपातून आला की शेतात लागला याचा अंदाज येईल. टिश्यूकल्चर रोप तपासलेल्या मातृरोपाचे असेल तर सहसा या विषाणूपासून मुक्त असते, पण शेतात आल्यावर त्याला लागण होऊ शकते, कोवळेपणी तर लवकरच. त्यामुळे लागवडीनंतर आलेल्या हरण्यासाठी आम्ही रोपे बदलून देत नाही. नांग्या (उपटलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरायला मात्र त्याच वयाची रोपे पिशवीत राखून ठेवतो आणि आमच्या ग्राहकांना ती आधी देतो. येताना बिल आणा, शक्य तर पट्टे आलेल्या पानाचा फोटोही. शंका असेल तर रोप उपटायचे की ठेवायचे ते बघून लगेच सांगू.