ऑल-माउंटन स्की निवडताना : सराईत स्कीपटूंसाठी माहितीपत्रक

ज्यांना तीव्र उतारावर समांतर वळणे सहज जमतात, जे कडक बर्फावरही स्कीच्या धातूच्या कडेच्या भरवशावर वेग घेतात आणि ज्यांना आपली सध्याची जोडी आता अपुरी वाटू लागली आहे, अशा ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. सकाळी यंत्राने दाबलेला उतार, दुपारी त्यावर तयार होणारे उंचवटे आणि रात्री हिमवृष्टी झालीच तर दुसऱ्या दिवशीचा भुसभुशीत बर्फ, या सर्वांवर एकाच जोडीने उतरता यावे, या हेतूने ऑल-माउंटन स्की बनवलेली असते. तरीही प्रत्येक स्की कोणत्या तरी एका बाजूला झुकलेली असतेच. तुमचे बहुतेक दिवस ज्या बर्फावर जातात, त्याच्या बाजूला झुकलेली स्की घ्यावी, असा आमचा आग्रह आहे. ताज्या बर्फाच्या मोजक्या दिवसांसाठी घेतलेली रुंद स्की उरलेला सगळा हंगाम जड वाटत राहते.

बुटाखालची रुंदी

स्कीवर छापलेल्या तीन आकड्यांपैकी मधला आकडा बुटाखालची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. ढोबळमानाने 80 ते 88 मिलिमीटरची स्की कडक बर्फाला अधिक मानवते, 90 ते 98 ची दोन्हीकडे बऱ्यापैकी चालते आणि 100 च्या पुढची मऊ बर्फाकडे झुकते. यामागचे कारण साधे आहे. कड बुटाच्या मध्यरेषेपासून जितकी लांब जाते, तितका स्की कडेवर उभी करण्यासाठी आणि तशीच धरून ठेवण्यासाठी घोट्यावर व गुडघ्यावर अधिक ताण येतो, आणि एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाण्यास वेळही अधिक लागतो. मऊ बर्फात स्की थोडी रुतते आणि भार संपूर्ण तळावर पसरतो, त्यामुळे तिथे हा ताण फारसा जाणवत नाही. उलट रुंद तळामुळे स्की वर तरंगत राहते.

ताठपणा आणि धातूचा थर

सराईत स्कीपटूच्या बाबतीत रुंदीपेक्षाही आम्ही या गोष्टीला अधिक महत्त्व देतो. उच्च क्षमतेच्या बहुतेक स्कींमध्ये लाकडी गाभ्याच्या वर आणि खाली टायटॅनल या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पातळ पत्रे बसवलेले असतात. नावावरून तसा समज होत असला तरी हा टायटॅनियम नव्हे. या पत्र्यांमुळे वेगात होणारी थरथर दबते आणि स्कीला पीळ बसण्यास विरोध होतो. स्की लांबीच्या दिशेने वाकणे आणि तिला पीळ बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात स्की हातात घेऊन बहुतेकजण ती वाकवून पाहतात, पण टोक दोन्ही हातांनी धरून पिळून पाहणारे क्वचितच आढळतात. कडक उतारावर वळण सुरू होताना टोकाजवळचा भाग पिळला गेला, तर तिथली कड बर्फावरून सुटते आणि स्की घसरू लागते. काही निर्माते धातूचा पत्रा टोकाकडे मुद्दाम निमुळता करतात. त्यामुळे मऊ बर्फात टोक सहज वळते, मात्र कडक बर्फावरची पकड काही अंशी कमी होते.

ताठपणा जितका अधिक तितके उत्तम, असे मात्र नाही. वळणात स्की वाकली तरच ती आपल्या कडेच्या वक्रतेप्रमाणे वळते आणि ती वाकवण्यासाठी वजन व वेग दोन्ही लागतात. सारख्याच कौशल्याच्या दोन व्यक्तींपैकी एकीचे वजन 55 किलो आणि दुसरीचे 90 किलो असेल, तर त्यांना एकच स्की सारखी वागणार नाही. पहिलीला ती न वाकणारी आणि हट्टी वाटेल, तर दुसरीला स्थिर वाटेल. म्हणूनच सल्ला देण्यापूर्वी आम्ही वजन विचारतो. कृपया ते संकोच न करता खरे सांगावे.

आकार आणि लांबी

जोडीतील दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धराव्यात. मध्ये दिसणारी फट म्हणजे कॅम्बर. आता मधला भाग हाताने दाबून ती फट मिटवावी आणि टोकाकडे दोन्ही तळ कोठून विलग होतात ते पाहावे. तिथून पुढचा उचललेला भाग म्हणजे रॉकर. हा भाग मऊ बर्फात टोक वर ठेवतो, पण कडक बर्फावर स्की सपाट असताना त्याची कड बर्फाला लागतच नाही. त्यामुळे रॉकर लांब असेल, तर उंचीइतकी किंवा तिच्याहून थोडी अधिक लांबीची स्की घेण्यास हरकत नसते. रॉकर अगदी कमी असेल, तर नाक ते कपाळ यांदरम्यान पोहोचणारी लांबी अनेकांना पुरते. कडेच्या वक्रतेवरून ठरणारी वळणाची त्रिज्या या प्रकारात साधारण 14 ते 20 मीटर असते. निर्मात्याच्या तक्त्यात ती एकाच लांबीसाठी दिलेली असू शकते, हे लक्षात असू द्यावे, कारण त्याच मॉडेलची लांबी बदलली की त्रिज्याही बदलते.

बाइंडिंग आणि बूट

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारी आणि पडताना सोडणारी यंत्रणा. तिचा ब्रेक, म्हणजे बूट सुटल्यावर स्की घसरत जाऊ नये म्हणून बर्फात रुतणारे दांडे, स्कीच्या मधल्या रुंदीपेक्षा किंचितच रुंद असावा. फार रुंद ब्रेक वळणात बर्फाला घासतो. बुटाचा तळ आयएसओ 5355 या मानकाचा, म्हणजे पारंपरिक पद्धतीचा, आहे की आयएसओ 23223 चा, म्हणजे चालण्यास सोप्या ग्रिपवॉक पद्धतीचा, हे पाहूनच बाइंडिंग निवडावे लागते, कारण प्रत्येक बाइंडिंग दोन्ही तळ स्वीकारत नाही. किती जोर आल्यावर बूट बाइंडिंगमधून सुटावा हे सांगणारे मूल्य वजन, उंची, वय, तळाची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून प्रशिक्षित तंत्रज्ञाने ठरवायचे असते. आपण सराईत आहोत म्हणून ते स्वतःहून वाढवू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. पडताना बूट वेळेवर सुटला नाही, तर पायाला गंभीर दुखापत होऊ शकते. बूट पायात सैल असेल, तर आधी बुटाचा विचार करावा.

शक्य असल्यास खरेदीपूर्वी दोन जोड्या एकाच दिवशी, एकाच उतारावर, सकाळी आणि पुन्हा दुपारी वापरून पाहाव्यात. त्याआधी दोन्हींच्या कडांना सारखीच धार लावलेली आहे याची खात्री करून घ्यावी, कारण बोथट कडेची चांगली स्कीसुद्धा कडक बर्फावर घसरते आणि दोष मात्र स्कीला दिला जातो. आमच्याकडे येताना आपले बूट सोबत आणावेत आणि सध्याची जोडी कोणत्या बर्फावर, किती वेगात आणि नेमकी कशी साथ सोडते, ते सविस्तर सांगावे.